खैरनारांना हललेलं चालत नाही

खैरनार आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा दारात चपला काढता काढताच त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "शैलाताई, तुमचा पंखा लंगडतोय."

मी म्हटलं, आधी बसा तरी. पण बसतील तर खैरनार कसले! त्यांनी पंखा बंद केला, स्वयंपाकघरातून स्वतःच स्टूल ओढत आणलं, वर चढून तिन्ही पाती बोटाच्या टोकानं उचलून पाहिली, खिशातून रुपयाचं नाणं आणि चिकटपट्टी काढली आणि नाणं एका पात्याच्या पाठीवर चिकटवून टाकलं. "जड पातं तासायचं नाही कधी," खाली उतरताना म्हणाले, "हलक्याला थोडं द्यायचं." पंखा सुरू केला. त्याचं लंगडणं थांबलं होतं, हे मला मान्य करावं लागलं. चहा तोवर गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

लखनौमध्ये आम्ही मराठी माणसं मोजकीच. कुणी छावणीत, कुणी विद्यापीठात, आणि आमच्यासारखी औषध-संशोधनवाली जानकीपुरमच्या बाजूला. त्या काळात यातल्या कुठल्याही घरी जाऊन वर बघितलं की खैरनारांचं नाणं दिसायचं. नव्यानं बदलून आलेल्या एका मेजरची बायको मला हळूच विचारत होती, "हे इथलं नजरबिजर लागू नये म्हणून असतं का हो?" मी हो म्हणून सांगितलं. कोण समजावत बसणार!

दिगंबर खैरनार मूळचे नाशिककडचे. आमच्या संस्थेत मी लायब्ररीत आणि ते यंत्रांच्या दुरुस्तीत. त्यांच्या ताब्यात मुख्यतः सेंट्रिफ्यूज, म्हणजे औषधाच्या नळ्या गरगर फिरवणारी यंत्रं. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन सारखं नसलं की हे यंत्र थडथडायला लागतं आणि टेबलावरून चालत चालत खाली उडी घेतं. खैरनार व्हरांड्यातून जाता जाता तीन खोल्या पलीकडची थडथड ओळखायचे. पोरं एकमेकांना सांगायची, "खैरनार सर आ रहे हैं, यार, ट्यूब देख ले." माणूस ओरडायचा नाही. फक्त म्हणायचा, "हलतंय." पण ते असं म्हणायचा की ऐकणाऱ्याला आपण चोरी करताना सापडलो असं वाटावं.

घरातही तेच. डुगडुगणारं टेबल, खुळखुळणारं झाकण, पाय हलवत बसणारा पाहुणा, सगळ्यांना एकच शेरा. आमच्या ह्यांना बसल्या बसल्या गुडघा हलवायची सवय. खैरनारांनी बोलता बोलता ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि निघेपर्यंत उचलला नाही.

आता अशा माणसाच्या बायकोचे हात कापायला लागावेत, याला काय म्हणायचं?

सुमनवहिनी आमच्या जयसिंगपूरच्या. मी सांगलीची, त्यामुळे आमचं जमलं. तोंडानं फटकळ, हसायला मोकळ्या. पंचेचाळिशीत त्यांचे हात थरथरायला लागले. वडिलांचेही असेच कापायचे म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं, जिवाला काही धोका नाही, पण जाणारही नाही. गोळ्या दिल्या, त्यांनी दिवसभर झोप यायची, म्हणून बंद केल्या. कपातला चहा बशीत, बशीतला साडीवर. घास तोंडाशी येईपर्यंत निम्मा खाली. हळूहळू वहिनींनी चारचौघांत जेवणंच सोडलं. घरातसुद्धा सगळ्यांचं आटपल्यावर ओट्याशी उभ्यानं पोळीची सुरळी करून खायच्या. कोरडी.

आमचा सगळ्या मराठी घरांचा मिळून एक गणपती बसतो आणि शेवटच्या दिवशी पंगत असते. त्या पंगतीची गव्हाची खीर माझ्याकडे. खपली गहू मी सांगलीहून आणते, कुणाला हात लावू देत नाही. वहिनींचा जीव त्या खिरीवर. पण चार वर्षं त्यांचा वाटा डब्यातून घरी जात होता. "मला गर्दीत गुदमरतं," असं त्या म्हणायच्या. दुपारभर हजरतगंजच्या बाजारातल्या गर्दीत माझ्याबरोबर फिरणारी बाई, तिला तीस माणसांच्या पंगतीत गुदमरतं! मी दर वर्षी भांडायची. एकदा, फक्त एकदा पंगतीत बसून खीर खा, एवढंच माझं मागणं होतं. त्या हसून डबा पुढे करायच्या.

याच सुमारास, म्हणजे दोन हजार बारा-तेरामध्ये, खैरनारांनी चौरंग करायला घेतला.

चौरंग म्हणजे पूजेचा नव्हे. चार पंख्यांचं उडणारं यंत्र, आता ज्याला सगळे ड्रोन म्हणतात ते. तेव्हा तयार मिळत नसे, मिळालं तरी खैरनारांनी घेतलं नसतं. खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे चार हात, मध्ये वहिनींचा भाजी चिरायचा पांढरा बोर्ड, चार टोकांना चार मोटारी. मोटारी चीनहून पार्सलनं यायच्या. पोस्टमन पार्सल हातभर लांब धरून विचारायचा, "बाबूजी, इसमें कुछ फटने वाला तो नहीं है?" कॅमेऱ्याखाली रबर हवं म्हणून त्यांनी आमच्या ह्यांच्या नव्या स्लिपरची टाच कापून नेली. विचारून नेली, पण हे झोपेत असताना विचारलं.

त्यातलं खरं काम म्हणजे पंख्यांचा तोल. दोन ग्लास पालथे घालायचे, त्यांवर दाढीची दोन पाती उभी धरून बसवायची, त्या पात्यांवर विणायची सुई आडवी आणि सुईत पंखा. जी बाजू खाली येईल ती जड. मग हलक्या बाजूला चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावायचा आणि परत बघायचं. वाऱ्याची झुळूकसुद्धा चालायची नाही. म्हणून छताचा पंखा बंद, खिडक्या बंद. लखनौचा जून महिना, आणि आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात घामाघूम होऊन श्वास धरून बसलेलो! मी एकदा उसासा टाकला, तर म्हणाले, "शैलाताई, जरा तिकडे तोंड करून."

उडवायची जागा म्हणजे आमच्यामागचे रिकामे प्लॉट. तिथे म्हशी चरायच्या आणि पतंग उडायचे. चौरंग सपाट विटेवर ठेवायचा, बॅटरी जोडायची आणि मागे सरायचं. "तीन सेकंद कुणी हात लावू नका," खैरनार दोन्ही हात पसरून गर्दी अडवायचे. "आधी त्याला कळू द्या, स्थिर म्हणजे काय. तेव्हा कुणी हलवलं, तर तो हलण्यालाच स्थिर समजेल आणि वर जाऊन उलटेल." एकदा म्हशीनं शेपूट मारलं आणि तसंच झालं. चौरंग हातभर उडाला आणि शेणात पालथा पडला. गर्दीनं पतंग कापल्यासारखा "वो काटा!" म्हणून जल्लोष केला. खैरनारांनी तो उचलला, धुतला, आणि म्हशीच्या मालकाला तीन सेकंदांचं महत्त्व हिंदीतून समजावून सांगितलं.

पण माणसाला उडण्याचं कौतुक नव्हतं हो. मला हे उशिरा कळलं. यंत्र वर गेलं, की आपण म्हणावं, अहाहा, काय दिसत असेल! खैरनार खाली आल्यावर ते चित्रण कॉम्प्युटरवर लावायचे आणि नाक पडद्याला टेकवून एकच गोष्ट शोधायचे. पंख्यांची थरथर कॅमेऱ्यात उतरली, की चित्र लिबलिबायचं. त्याला त्यांनी नाव दिलं होतं खरवस. "आज खरवस आला," असं खिन्न आवाजात म्हणाले की समजायचं, त्यांना रात्रीचं जेवण जाणार नाही.

शेजारचे शुक्लाजी एकदा तणतणत आले. "खैरनार साहब, आपका कैमरा हमारी छत पर क्या देखता है? हमारे यहाँ बहू-बेटियाँ हैं।" खैरनारांनी त्यांना आदरानं बसवलं, चित्रण लावलं. शुक्लाजींच्या गच्चीवरची पाण्याची काळी टाकी. एक मिनिट टाकी, दोन मिनिटं टाकी. सातव्या मिनिटाला शुक्लाजी कळवळून म्हणाले, "भाईसाहब, इसमें तो कुछ है ही नहीं!"

"हाँ," खैरनार म्हणाले, "लेकिन हिल रहा है क्या?"

शुक्लाजी हसत घरी गेले. मला मात्र हसता आलं नाही, कारण त्याच्या पुढच्याच महिन्यात माझ्या मुलीचा, मुग्धाचा, साखरपुडा होता आणि चित्रण खैरनार करणार होते. मीच बोलून बसले होते. गच्चीवर मांडव, सनई, दोन्हीकडची माणसं, वर चौरंग घोंघावतोय. जावयाकडची मंडळी तर माना वर करून तोंडं उघडी टाकून बसली. आणि चित्रणात काय आलं? मांडवाचा बांबू. मुग्धा नाही, जावई नाही, अंगठी नाही. नऊ मिनिटं बांबू आणि त्याच्यावर बांधलेला झेंडू. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "खैरनार, माझी एकुलती एक मुलगी!" ते पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले, "ताई, झेंडूची पाकळी बघा. पाकळी! केसाएवढी हलत नाहीये." त्यांचे डोळे भरून आले होते. अशा माणसाशी भांडून काय उपयोग? तरी मी पंधरा दिवस बोलले नाही.

त्या दिवशी पाकळी का हलली नव्हती, तर त्यांनी कॅमेऱ्याला एक झुला केला होता. त्याला ते गिंबल म्हणायचे. दोन छोट्या मोटारी. चौरंग डावीकडे कलला की झुला कॅमेऱ्याला तेवढाच उजवीकडे फिरवणार. वरचं यंत्र कितीही डुचमळो, खालचा कॅमेरा सपाट. हे जमल्यापासून खैरनारांनी उडवायचं जवळजवळ सोडूनच दिलं. चौरंग कपाटावर धूळ खात पडला. पतंगवाले विचारायचे, "चच्चा, आज जहाज नहीं उड़ेगा?"

मे महिन्यात ते एकदा लायब्ररीत आले आणि खाजगी आवाजात म्हणाले, "ताई, तुमची गव्हाची खीर लागेल. एक वाटी पुरे."

"मे महिन्यात? गणपती कुठे आलेत?"

"वजनासाठी. मी साबुदाण्याची करून बघितली, वजन बसत नाही. तुमचीच लागेल. दाट, तुम्ही करता तेवढीच."

मग त्यांनी पिशवीतून काढून दाखवलं. सायकलच्या दांडीची मूठ, तिच्यापुढे त्या झुल्याच्या दोन मोटारी, आणि मोटारींच्या पुढे स्टीलचा एक चमचा. मूठ त्यांनी हातात धरून गदागदा हलवली. चमचा जागचा हलला नाही. मी बघतच राहिले. सगळे आवाज बंद झाल्यासारखं वाटलं मला, आणि लायब्ररीत तसे ते बंदच असतात. दोन वर्षं चौरंग, शुक्लाजींची टाकी, माझ्या मुलीचा बांबू, हे सगळं या चमच्यासाठी चाललं होतं. "सुमनला सांगू नका अजून," ते म्हणाले. "या गणपतीत पंगतीत बसवतो तिला."

मी घरी जाऊन खीर केली. पुढच्या तीन महिन्यांत नऊ वेळा केली. खपली गहू संपला, सांगलीहून परत मागवला. आमचे हे म्हणाले, "आपल्या घरात कोण बाळंत होणार आहे का?"

ऑगस्टात चमचा वहिनींना दिला. त्या घरी महिनाभर त्याच्यानं जेवल्या. मी विचारलं, कसा आहे? म्हणाल्या, "चमचा बरा आहे गं, वजनाला जड आहे. पण केवढं खपतात ते, नाही कसं म्हणू?" आणि खरोखरच गणपतीच्या पंगतीला आल्या. हिरवी साडी नेसून, कमरेला बॅटरीची छोटी पिशवी खोचून. माझा आनंद गगनात मावेना. मी त्यांना माझ्या शेजारी बसवलं. खैरनार बरोबर समोरच्या ओळीत, वहिनींच्या पत्रावळीवर डोळे लावून, सेंट्रिफ्यूजसमोर बसतात तसे.

द्रोण भरले. श्लोक सुरू झाला. आणि दोन ओळींमधल्या शांततेत, खैरनारांनी आधीच चालू करून पानाशेजारी ठेवलेल्या चमच्याच्या मोटारी डासासारख्या गुणगुणायला लागल्या. दोन-चार माना वळल्या. वहिनी लाजल्या, त्यांनी पटकन बटण बंद केलं. श्लोक संपल्यावर चमचा हातात घेतला आणि परत चालू केलं.

हातात असताना चालू केलं! समोरून खैरनार अर्धे उठले, "हातात नको... सुमन, खाली ठेव, तीन सेकंद..." पण घरी चमचा रोज तेच टेबलावर ठेवून चालू करायचे आणि मग वहिनींच्या हातात द्यायचे. अख्ख्या जानकीपुरमला, म्हशीवाल्यालासुद्धा त्यांनी जे सांगितलं होतं, ते बायकोलाच सांगायचं राहिलं होतं. कापणाऱ्या हातात चमच्यानं आपली सपाटी शोधली, ती भलतीच निघाली. वहिनींनी खीर घेतली, चमचा वर आणला, आणि तो अगदी शांतपणे, जराही न थरथरता, पालथा झाला.

खीर हिरव्या साडीवर. खैरनार उड्या टाकत इकडे आले, गुडघ्यावर बसले, चमचा हिसकावून बटण दाबायला लागले. "परत करतो, फक्त तीन सेकंद, तू हात काढ, हात बाजूला घे..."

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही तिकडे जा."

"पण आत्ता होईल..."

"नको. तुम्ही समोर बसलात की हात जास्त हलतो." आवाज अगदी हळू होता, पण मी शेजारीच होते. "लोकांचं मला काही नाही. लोक एकदा बघतात आणि आपल्या ताटात बघतात. तुमची नजर हटत नाही माझ्या हातावरून. तुम्हाला हललेलं सोसत नाही, मला काय माहीत नाही का? मी ओट्याशी कुणापासून लपून जेवते, तुम्हाला काय वाटलं?"

खैरनारांचं तोंड मी त्या दिवशी बघितलं तसं कधी कुणाचं बघितलं नाही. मला त्यांचा फार राग यायचा, हे मी लपवून ठेवलेलं नाही. त्या क्षणी मात्र तो राग कुठल्या कुठे गेला. दोन वर्षं हा माणूस साऱ्या जगाची थरथर शोधत फिरला, आणि यातला हा भाग त्याला कुणी सांगितलाच नव्हता. ते "बरं" म्हणाले. चमचा तसाच चटईवर ठेवून उठले आणि दारापर्यंत गेले. मला वाटलं, घरी गेले.

वहिनींनी पदर झटकला, साडी सारखी केली आणि सरळ पाची बोटांनी भात कालवायला घेतला. सांडत होता. निम्मा पत्रावळीत, थोडा मांडीवर. त्या खात राहिल्या. मी माझ्या पानात बघून बडबड सुरू केली, भेंडी कशी महाग झालीये वगैरे.

थोड्या वेळानं खिरीची बादली ओळीतून येताना दिसली. वाढणारा मुलगा नव्हता, खैरनार होते. कमरेला पंचा, हातात मोठा डाव. एकेकाला वाढत, "घ्या हो, शैलाताईंची आहे," म्हणत आमच्यापर्यंत आले. मला वाढली. मग बादली खाली ठेवून वहिनींपुढे ओणवे झाले आणि म्हणाले, "वाढू?"

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी द्रोण उचलून पुढे धरला. द्रोण थरथरत होता, डावीकडे, उजवीकडे. खैरनार कुणाचंही ताट, कुणाचाही गुडघा क्षणात दाबून धरणारे. त्यांचा डावा हात थोडा पुढे आलासुद्धा. मग त्यांनी तो मागे घेतला आणि पाठीशी ठेवून दिला. उजव्या हातातला डाव त्यांनी द्रोणाबरोबर हलवायला सुरुवात केली. द्रोण डावीकडे गेला की डाव डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. खिरीची धार द्रोणाच्या मागे मागे जात राहिली. थोडी सांडली.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

"वाढा की," वहिनी म्हणाल्या.